नारायण वामन टिळक : एका अस्वस्थ स्वभावाची साधना

१. प्रास्ताविक

क्रोधजय म्हटले की मराठी मनासमोर उभे राहतात ते पैठणचे एकनाथ. गोदावरीचे स्नान करून परतणाऱ्या नाथांवर कोणी यवन पुन्हा पुन्हा थुंकतो आणि नाथ प्रत्येक वेळी तितक्याच शांतपणे नदीकडे वळतात, ही आख्यायिका मराठवाड्यात घरोघरी ऐकावयास मिळते. नाथांना शांतिब्रह्म म्हणतात ते याच प्रतिमेमुळे. या प्रतिमेत क्रोध जिंकलेला दिसतो. तो कसा जिंकला गेला, जिंकण्यापूर्वी कितीदा उफाळून आला आणि घरातल्या माणसांनी त्याची झळ किती सोसली, हे मात्र दिसत नाही. संतचरित्रकाराला सिद्धाची अवस्था सांगावयाची असते. साधकाच्या अवस्थेत त्याला फारसा रस नसतो.

अर्वाचीन मराठी वाङ्मयात या साधकावस्थेचे विलक्षण प्रामाणिक चित्र ज्यांच्याविषयी उपलब्ध आहे, असे एक कवी म्हणजे नारायण वामन टिळक (१८६१–१९१९). फुलामुलांचे कवी म्हणून त्यांची ओळख शालेय वयापासून मराठी वाचकाला असते. ख्रिस्ती झालेले देशभक्त कवी म्हणून त्यांचे नाव वाङ्मयेतिहासात येते. मराठवाड्याने २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना पाहिले. त्यानंतर दोनच वर्षांनी उदगीर येथे ९५ वे संमेलन भरले. मराठी साहित्याच्या या मध्यवर्ती व्यासपीठावर ख्रिस्ती लेखक परका वाटत नाही, याचे मोठे श्रेय नारायण वामन आणि लक्ष्मीबाई टिळक या दांपत्याकडे जाते. तथापि टिळकांच्या धर्मांतराची चर्चा आजवर प्रामुख्याने सामाजिक आणि वाङ्मयीन अंगाने झाली. त्या धर्मांतराने त्यांच्या स्वभावाचे काय केले, हा प्रश्न त्यामानाने मागे राहिला. टिळक शीघ्रकोपी होते, लहरी होते, पैशाच्या बाबतीत बेहिशेबी होते आणि घर सोडून निघून जाण्याची त्यांना सवय होती. श्रद्धेच्या आधाराने या दौर्बल्यांवर त्यांनी कितपत ताबा मिळविला आणि तो कोणत्या मार्गाने, याचा मागोवा त्यांच्या जीवनक्रमातून घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. स्वभावाचा वारसा

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. ते कडक, संतापी आणि संशयी प्रकृतीचे होते. आई जानकीबाई मृदू, भाविक आणि काव्याची आवड असलेली होती. टिळकांच्या व्यक्तिमत्त्वातील दोन ध्रुव या घरातच तयार झाले असे म्हणता येईल. कवितेची ओढ आणि हळवेपणा त्यांना आईकडून मिळाला, तर भडकून उठणारा स्वभाव वडिलांकडून आला. वडिलांच्या संतापाचा जाच आई कसा सोसते हे त्यांनी बालपणी जवळून पाहिले. आई लवकर गेली आणि त्यानंतर घराशी असलेला त्यांचा धागा तुटला. कोवळ्या वयातच घर सोडून त्यांनी नाशिक गाठले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्या आश्रयाने त्यांचे संस्कृतचे अध्ययन झाले. काव्य, पुराण, वक्तृत्व आणि कीर्तन ही साधने त्यांना येथेच लाभली.

घर सोडण्याची ही पहिली घटना पुढील आयुष्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. असह्य झाले की निघून जावयाचे, हा उपाय त्या मुलाने दुःखाच्या भरात एकदा शोधला आणि पुढे तो त्याच्या हाडीमासी मुरला. १८८० च्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखले घराण्यातील मनकर्णिकेशी त्यांचा विवाह झाला. सासरी तिचे नाव लक्ष्मी झाले. वधूचे वय अकरा-बारा वर्षांचे, वराचे अठरा-एकोणीस. या विवाहानंतरची पंधरा वर्षे म्हणजे टिळकांच्या भटकंतीची कथा होय. शिक्षक, पुराणिक, कीर्तनकार, छापखान्यातील नोकर अशा अनेक भूमिका त्यांनी केल्या आणि कोठेही ते स्थिरावले नाहीत. वरिष्ठांशी खटका उडाला की नोकरी सुटे. मनात काही आले की ते कोणास न सांगता चालू लागत. मागे राहिलेल्या पत्नीला कधी माहेरी, कधी बहिणीकडे, कधी अन्य नातेवाइकांकडे दिवस काढावे लागत. या काळात काही अपत्ये दगावली, तीही दारिद्र्याच्या आणि अनिश्चिततेच्या सावटात.

येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. टिळकांचा राग द्वेषातून आलेला नव्हता. तो जसा चटकन पेटे तसाच चटकन विझे आणि त्यामागून पश्चात्तापाचा पूर येई. त्यांचा बेहिशेबीपणाही स्वार्थातून आलेला नव्हता. समोर गरजू माणूस दिसला की खिशातले आपले राहत नसे. पण हेतू चांगला असला म्हणून परिणाम सुसह्य होतो असे नाही. दानशूर पतीच्या घरात तांदळाचा डबा रिकामा असतो, ही गोष्ट लक्ष्मीबाईंना रोज कळत होती. दौर्बल्य गुणाच्या पोटी जन्मते तेव्हा ते ओळखणे अधिक अवघड होते, कारण माणसाला आपला दोष गुणाच्याच वेशात दिसतो. टिळकांच्या आत्मसंयमनाची खरी अडचण ही होती.

३. शोध आणि धर्मांतर

नागपूरच्या वास्तव्यात टिळकांना आप्पासाहेब बुटी यांच्यासारखा धनिक आश्रयदाता लाभला. वैदिक व संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचे काम त्यांच्याकडे आले आणि ‘ऋषि’ हे धर्मविषयक मासिक त्यांनी चालविले. या अभ्यासातूनच त्यांची अस्वस्थता वाढली. जातिभेद देशाला पोखरत आहे, देशाच्या उन्नतीला धर्माचे अधिष्ठान हवे आणि ते परंपरागत स्वरूपात सापडत नाही, अशा निष्कर्षापर्यंत ते आले. स्वतःच एक नवा धर्म सिद्ध करावा, असेही त्यांच्या मनात होते. हा शोध प्रथमतः राष्ट्राच्या दुर्बलतेचा होता. स्वतःच्या दुर्बलतेचा प्रश्न त्यात अजून उघडपणे आलेला नव्हता.

१८९३ मध्ये राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी जात असताना आगगाडीत त्यांची अर्नेस्ट वॉर्ड या अमेरिकन मिशनऱ्याशी गाठ पडली. वॉर्ड यांनी त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांच्या आत ते ख्रिस्ती होतील असे भाकीत केले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. टिळकांनी तो ग्रंथ वाचू लागताच त्यांना सर्वाधिक खिळवून ठेवले ते मत्तयकृत शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाने. हे प्रवचन अहिंसेसाठी आणि शत्रुप्रेमासाठी सर्वत्र उद्धृत होते. परंतु त्यात आणखी एक सूत्र आहे, ज्याकडे टिळकांच्या चरित्राच्या संदर्भात आवर्जून पाहावयास हवे. तेथे हत्येच्या जोडीला क्रोधाचा विचार येतो. मनातला राग हाच न्यायास पात्र ठरविला जातो. आणि भावाचे मन दुखावले असेल तर वेदीपुढे आणलेले अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करावा, मग अर्पण करावे, असे सांगितले आहे. संतापी बापाच्या घरात वाढलेल्या आणि स्वतःही संतापी झालेल्या माणसाच्या हाती हे प्रकरण पडावे, यात योगायोग असेल. पण ते त्याला सोडीनासे व्हावे, यात त्याची स्वतःची गरज बोलत होती, असे अनुमान करावयास जागा आहे.

पुढे सुमारे दोन वर्षे मनाची घालमेल चालली. समाज तुटेल, पत्नी आणि मुलगा दुरावतील, हे त्यांना दिसत होते. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाचे स्वरूप दुहेरी आहे. एका बाजूने तो त्यांच्या आयुष्यातील सर्वांत विचारपूर्वक निर्णय होता. दुसऱ्या बाजूने, घरच्यांच्या दृष्टीने, टिळक पुन्हा एकदा न सांगता निघून गेले होते, आणि या वेळचे जाणे परतीचे नव्हते. स्वभाव बदलण्याचे सामर्थ्य देणारी श्रद्धा त्यांनी जुन्याच स्वभावाच्या रीतीने स्वीकारली, हा या चरित्रातील पेच आहे. बाप्तिस्म्याने माणूस नवा होतो असे ख्रिस्ती मत मानते. पण त्या नव्या माणसाला जुन्या सवयींशी रोज झुंजावे लागते, हेही तेच मत सांगते. टिळकांच्या पुढील चोवीस वर्षांचा विचार या दुसऱ्या विधानाच्या प्रकाशात करावयास हवा.

४. प्रतीक्षेची कसोटी

धर्मांतराची वार्ता नाशिक-जलालपूरकडे पोहोचली तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. त्या जीव देतील या भीतीने आप्तांनी त्यांच्यावर पहारा ठेवला. चार वर्षांचा दत्तू त्यांच्याजवळ होता. पुढील चार-साडेचार वर्षे पतिपत्नी वेगळे राहिले. लक्ष्मीबाई आप्तांच्या आधाराने नाशिक, पंढरपूर अशा ठिकाणी राहिल्या आणि टिळक मुंबईत व नंतर अहमदनगर येथे मिशनच्या ईश्वरविज्ञान विद्यालयात अध्यापन करू लागले.

उतावळ्या स्वभावाच्या माणसाची खरी परीक्षा प्रतीक्षेत होते. तत्कालीन कायदा आणि रूढी पतीच्या बाजूने उभ्या करता आल्या असत्या. मुलाचा ताबा मागता आला असता. दुसरा विवाहही अशक्य नव्हता. टिळकांनी यांपैकी काहीही केले नाही. पत्रे लिहिणे, भेटीची संधी शोधणे आणि वाट पाहणे एवढेच त्यांनी केले. त्यांचा संताप या काळात नाहीसा झाला असे नाही. पत्नीचे मन वळविताना त्यांचा धीर सुटल्याचे प्रसंगही घडले. परंतु बळजबरीचा मार्ग त्यांनी घेतला नाही. पुढे लक्ष्मीबाई नगरला आल्या, तेव्हा त्यांच्या सोवळ्याओवळ्याला धक्का लागणार नाही अशी व्यवस्था त्यांना करून देण्यात आली. ज्या जातिभेदाविरुद्ध टिळकांनी सर्वस्व पणास लावले होते, त्याचेच नियम आपल्या घरात पाळले जात असताना त्यांनी ते सोसले.

लक्ष्मीबाईंचा बदल त्यांच्या स्वतःच्या विचाराने झाला. जात ही माणसाने निर्माण केली आहे, देवाने नव्हे, असे त्यांना पटले आणि त्यांनी आपल्या हाताने स्पर्शास्पर्शाचे बंधन तोडले. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या घटनेत टिळकांचे कर्तृत्व त्यांनी काय केले यात नसून काय केले नाही यात आहे. आत्मसंयमनाची व्याख्या करावयाची तर अशीच करावी लागेल : हाती सत्ता असताना आणि मनात उतावीळ असताना दुसऱ्याच्या मनाला त्याच्या गतीने चालू देणे. ख्रिस्ती धर्मात देव माणसाच्या परतण्याची वाट पाहणारा पिता आहे. बाहेर गेलेल्या मुलाची वाट पाहणाऱ्या बापाचा दृष्टांत हे त्याचे सर्वपरिचित रूप. वडिलांचा कोपिष्ट नमुना ज्याने बालपणी पाहिला, त्याला पितृत्वाची ही दुसरी प्रतिमा साधनेसाठी मिळाली, ही बाब मोलाची आहे.

५. घर : रोजची कसोटी

एकत्र संसार सुरू झाल्यावर टिळक शांत झाले असे लिहिणे सोपे आहे आणि काही भक्तिपर लेखनात तशी सूचना आढळते. जे. सी. विन्स्लो यांचे १९२३ मधील इंग्रजी चरित्र आदरपूर्ण आणि उपयुक्त आहे. त्याचा कल मात्र स्वाभाविकपणे टिळकांच्या आध्यात्मिक चढणीकडे आहे. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेले लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ हा समतोल दुसऱ्या बाजूने साधते. लक्ष्मीबाईंनी पतीला देव्हाऱ्यात बसविले नाही आणि आरोपीच्या पिंजऱ्यातही उभे केले नाही. त्यांच्या लेखनातील टिळक बाप्तिस्म्यानंतरही रागावतात, रुसतात, पैसे उधळतात, वस्तू विसरतात, कविता लिहिलेले कागद हरवतात आणि मग लहान मुलासारखे ओशाळतात. हे सारे सांगताना लक्ष्मीबाईंच्या शब्दांत विनोद आहे, कडवटपणा नाही.

या विनोदाकडे पुरावा म्हणून पाहावयास हवे. ज्या घरात राग जुलूम होऊन राहतो, त्या घरातील स्त्रीला तो आठवून हसता येत नाही. टिळकांच्या आईला आपल्या पतीच्या संतापाविषयी हसण्याची सवड कधी मिळाली नाही. लक्ष्मीबाईंना ती मिळाली, कारण त्यांच्या घरात रागानंतर समेट होत असे आणि समेटासाठी पुढे येण्यात टिळकांना कमीपणा वाटत नसे. वेदीपुढचे अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करण्याची जी शिकवण त्यांनी वाचली होती, तिचा उपयोग त्यांनी सर्वप्रथम आपल्या घरी केला, असे यावरून म्हणता येते. क्रोध येणे थांबले नाही. क्रोधाचे राज्य थांबले. दौर्बल्य नष्ट होणे आणि दौर्बल्याची सत्ता संपणे या दोन भिन्न गोष्टी आहेत आणि टिळकांच्या बाबतीत घडली ती दुसरी.

उधळेपणाबाबतही असेच झाले. तो गेला नाही, पण त्याला दिशा मिळाली. १८९९–१९०० च्या दुष्काळात आणि त्या काळातील प्लेगच्या साथींत नगर जिल्ह्यात अनाथ मुलांची संख्या वाढली. टिळकांच्या घरात अशी मुले येत राहिली आणि ती घरचीच झाली. पूर्वी पतीचे दान पत्नीच्या डोक्यावर कोसळत असे. आता त्या दानात लक्ष्मीबाई स्वतः भागीदार झाल्या. प्लेगच्या छावणीत त्यांनी रुग्णसेवा केली, मुले सांभाळली आणि घराचा हिशेबही आपल्या हाती ठेवला. टिळकांनी पैशावर ताबा मिळविला तो बव्हंशी पैशाचा ताबा पत्नीकडे जाऊ देऊन! स्वतःची उणीव ओळखून तेथे दुसऱ्याचे सामर्थ्य मान्य करणे, हाही संयमाचा एक प्रकार होय. आणि पुरुषाच्या शब्दाला घरात अंतिम मान असलेल्या त्या काळात तो सोपा नव्हता.

या घराच्या मोकळेपणाची एक साक्ष मराठी काव्येतिहासात आहे. १९०७ मध्ये जळगाव येथे भरलेल्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या तरुणाचे बालकवी म्हणून कौतुक झाले. टिळकांनी त्याला पुढे आपल्या नगरच्या घरी ठेवून घेतले. बालकवीही लहरी, हळवा आणि चटकन दुखावणारा होता. आपल्याच स्वभावाची तरुण प्रतिकृती टिळकांनी मायेने सांभाळली. ५ मे १९१८ रोजी आगगाडीच्या अपघातात बालकवींचा अंत झाला, तेव्हा टिळकांच्याही आयुष्याचे जेमतेम वर्ष उरले होते.

६. आत्मपरीक्षणाची भाषा

टिळकांची साधना समजून घ्यावयाची तर तिची भाषा पाहिली पाहिजे. ख्रिस्ती होऊन प्रारंभीची काही वर्षे गेल्यावर त्यांची कविता पुन्हा मराठी संतांकडे, विशेषतः तुकारामांकडे वळली. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताच्या चरणांपाशी आलो, अशी त्यांची धारणा होती. हा सेतू कोणत्या सामग्रीने बांधलेला होता? तुकारामांच्या अभंगांत विठ्ठलाच्या स्तुतीइतकेच महत्त्व स्वतःच्या मनाच्या झाडतीला आहे. मन आवरत नाही, वृत्ती पुन्हा पुन्हा घसरते, आपल्या बळावर काही होत नाही, ही कबुली तेथे संकोच न करता येते. पापाची कबुली आणि कृपेची याचना हा ख्रिस्ती उपासनेचाही गाभा आहे. टिळकांच्या ठिकाणी या दोन परंपरा एकमेकींत मिसळल्या. पाश्चात्त्य चालींवर बेतलेल्या आणि ओढूनताणून मराठीत आणलेल्या स्तोत्रांच्या जागी त्यांनी अभंग, ओवी, पदे आणि भजने दिली. मराठी ख्रिस्ती मंडळींच्या ‘उपासना-संगीता’त त्यांच्या रचनांचा वाटा फार मोठा आहे.

‘अभंगांजली’तील टिळक ख्रिस्ताला गुरू, सखा आणि माउली या नात्यांनी आळवितात. ख्रिस्ताला आई मानणे हे मराठी भक्तीचे देणे आहे. विठाई माउलीची सवय असलेल्या मनालाच ते सुचू शकते. टिळकांच्या बाबतीत त्याला आणखी एक अर्थ आहे. ज्याची मृदू आई कठोर पित्याच्या छायेत अकाली हरपली, त्याने देवाला आईच्या रूपात पुन्हा मिळविले. नियमांच्या धाकाने त्यांचा स्वभाव वळला नसता. धाक त्यांनी लहानपणी भरपूर पाहिला होता आणि धाकापासून ते पळाले होते. प्रेमापासून मात्र ते पळाले नाहीत. यामुळेच त्यांच्या आत्मसंयमनात निग्रहापेक्षा समर्पणाचा भाग अधिक आहे. योगमार्गातील मनोनिग्रहात साधक स्वतःच्या सामर्थ्याने इंद्रियांना आवरतो; टिळकांच्या मार्गात साधक आपल्या असामर्थ्याची कबुली देऊन दुसऱ्याच्या हाती लगाम देतो. नाथपंचकातील भक्तिमार्ग याहून फार दूर नाही, हे मराठवाड्यातील वाचकास वेगळे सांगावयास नको.

७. मिशन आणि स्वाभिमान

क्रोध आणि उधळेपणा यांहून सूक्ष्म असे तिसरे दौर्बल्य म्हणजे दुखावला जाणारा अभिमान. मिशनच्या व्यवस्थेत देशी ख्रिस्ती माणसाचे स्थान दुय्यम होते. निर्णय आणि पैसा परदेशी मिशनऱ्यांच्या हाती असे. देशी सेवक वेतनभोगी असे. टिळक जाज्वल्य देशाभिमानी होते. ख्रिस्ती होणे म्हणजे साहेबी होणे नव्हे, हा त्यांचा आग्रह होता. पोशाख, आहार, उपासना, संगीत या सर्वांत भारतीयत्व राखावे, असे ते मांडीत राहिले. १९०४ मध्ये त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकाचे आणि पुढे ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी केले.

पूर्वीच्या टिळकांनी अशा व्यवस्थेत खटका उडताच राजीनामा फेकला असता. आता दोन दशकांहून अधिक काळ ते एकाच मिशनच्या कामात राहिले. मतभेद लपविले नाहीत, पण मैत्रीही तोडली नाही. नाराजीचे रूपांतर लेखनात, भजनांत आणि देशी ख्रिस्ती मंडळींच्या जागृतीत झाले. ज्या माणसाला एका गावी वर्षभर टिकणे जड जात असे, त्याने इतकी वर्षे नगर परिसराला वाहिली. स्थैर्य हा त्यांचा जन्मजात गुण नव्हता; तो त्यांनी कमावला होता.

८. दोन प्रस्थाने

१९१७ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, टिळकांनी मिशनची सवेतन सेवा सोडली, संन्यास स्वीकारला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्ताचे सर्व भक्त एका बंधुत्वात यावेत, पंथांच्या भिंती आणि परकीय वर्चस्व यांपासून ख्रिस्तभक्ती मुक्त व्हावी, ही त्यामागील कल्पना होती.

टिळकांच्या आत्मसंयमनाविषयीचा खरा प्रश्न येथे उभा राहतो. हे प्रस्थान म्हणजे घर आणि नोकरी सोडून निघून जाण्याच्या जुन्या सवयीचा अखेरचा आविष्कार होता, की त्या सवयीवरील विजय? बाह्यतः दोन्हींत साम्य आहे. उत्पन्न सुटले, ठिकाण बदलले, कुटुंबाच्या वाट्याला पुन्हा अनिश्चितता आली. टीकाकाराने यात जुनाच टिळक पाहिला तर त्याला सर्वस्वी चूक म्हणता येणार नाही. लक्ष्मीबाईंच्या दृष्टीनेही हा निर्णय सुखाचा नव्हता. नवऱ्याचा संन्यास कोणत्याही संसारी स्त्रीला जड जाणारच.

तरीही साम्यापेक्षा भेद अधिक बोलका आहे. पूर्वीचे जाणे रागाच्या भरात, न सांगता आणि कशापासून तरी दूर होते. १९१७ चे जाणे जाहीर, विचारपूर्वक आणि कशाकडे तरी होते. पूर्वी टिळक गेले की लक्ष्मीबाई मागे राहत. या वेळी साताऱ्याच्या घरात त्या होत्या. संन्यास घेऊनही पत्नीचा त्याग न करणारा हा संन्यासी रूढ चौकटीत बसत नाही. पण ज्या दोषाने त्यांच्या संसाराला सर्वाधिक जखमा केल्या होत्या, तो या वेळी टाळला गेला. अस्वस्थता तीच होती. तिच्यातील पळ काढण्याची वृत्ती गळून गेली होती. नदीला बांध घातल्याने पाणी आटत नाही, ते शेताकडे वळते. टिळकांच्या स्वभावाचे असेच झाले.

‘देवाचा दरबार’ फुलून येण्यास अवधी मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचा मृत्यू झाला. त्यांच्या इच्छेनुसार देहाला अग्नी देण्यात आला. ख्रिस्ती श्रद्धा आणि भारतीय रीत यांची सांगड त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य दहा-अकरा अध्यायांपाशी थांबले होते. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. रीतसर शालेय शिक्षण न झालेल्या या स्त्रीने साठांहून अधिक अध्याय रचले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्याही निवर्तल्या आणि ७६ अध्यायांचा तो ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला.

९. समारोप

टिळकांच्या जीवनातून हाती येणारा निष्कर्ष संतचरित्रांच्या साच्यातील नाही. धर्मांतराच्या क्षणी त्यांचा स्वभाव पालटला नाही. संताप, लहर आणि बेहिशेबी औदार्य त्यांना शेवटपर्यंत सोडून गेले नाही. श्रद्धेने त्यांना तीन गोष्टी दिल्या : आपल्या दोषाला दोष म्हणण्याचे धैर्य, दुखावलेल्या माणसाकडे परत जाण्याची सवय आणि वाट पाहण्याचे बळ. या तिन्ही गोष्टींची पारख व्यासपीठावर होत नाही. ती घरातच होते आणि तिचा निवाडा घरातल्या माणसांनीच द्यावयाचा असतो.

या निवाड्याच्या दृष्टीने ‘ख्रिस्तायना’चे उत्तरार्धाचे अध्याय आणि ‘स्मृतिचित्रे’ हे दोन ग्रंथ एकत्र वाचण्याची आवश्यकता आहे. एकेकाळी ज्या धर्मामुळे आपला संसार मोडला असे जिला वाटले, तिनेच पतीच्या मागे त्या धर्माचे महाकाव्य पूर्ण केले आणि त्याच हाताने पतीच्या दोषांची नोंदही केली. दोष झाकण्याची गरज तिला वाटली नाही, कारण त्या दोषांशी झालेली झुंज तिने स्वतः पाहिली होती. टिळकांच्या अभ्यासकांनी त्यांच्या कवितेचे मूल्यमापन करताना या झुंजीचा विचार जमेस धरला, तर फुलामुलांच्या कवीची कोमलता जन्मजात भोळेपणाची नसून कष्टाने मिळविलेली आहे, हे ध्यानात येईल आणि त्या कवितेचे मोल त्यामुळे वाढेलच.